पाण्याचा प्रवेश

टीव्हीवरच्या एखाद्या जुन्या मालिकेनं आपलाच दहा वर्षांपूर्वीचा प्रसंग परत दाखवला, तोच उंबरठा, तेच माप, आणि तेव्हाची सून आता सासू होऊन ओवाळायला उभी, की आमचे हे रिमोट आपटतात. "संपली यांची गोष्ट. आता शिळंच गरम करून वाढायलेत." मी काही बोलत नाही. म्हणजे बोलते, पण ते आमचं आमचं. नांदेडच्या माणसाला लातूरच्या आमच्या गल्लीचं नाटक काय कळणार! लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदा बघायला आले आणि पहिल्या रांगेत बसून घोरले.

तर ते नाटक. गणपतीत आमच्या गल्लीत दरवर्षी नाटक होतं, आणि दरवर्षी तेच होतं. तेच म्हणजे गोष्ट तीच, एक वर्ष पुढं सरकलेली. एक चिडका शेठ, त्याची लेकरं, सुना, आणि घरातली कटकट. वीस-बावीस वर्षं चाललंय. पहिल्या वर्षी पाळण्यात ठेवायला शेजारचं खरंखुरं बाळ मागून आणलं होतं. ते बाळ आता मिशीला पीळ देऊन शेठच्या धाकट्या पोराचं काम करतं. शेठ म्हणजे माझे अप्पा. किराणा दुकान, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि चिडायला त्यांना वेगळा अभिनय करावा लागत नाही. लिहिते मी. नांदेडला शाळा सांभाळून उन्हाळ्यात लिहायचं, गणपतीत रजा टाकायची, लोहा गावावरून जाणाऱ्या एसटीत वह्या मांडीवर घेऊन बसायचं आणि प्रयोगाला पडद्याआड उभं राहून विसरलेली वाक्यं पुरवायची.

आता पाण्याचं सांगते. पहिल्याच वर्षी अप्पा भर भांडणात वाक्य विसरले. शेठ थोरल्या पोरावर तुटून पडलेला, हात वर, डोळे लाल, आणि तोंडातून शब्द नाही. पुरवणाऱ्याच्या हातातली पानं उलटीसुलटी झालेली. मंडपात सन्नाटा. तेव्हा आमच्या गल्लीतले शिंपी चाचा विंगेत होते. नाटकात नव्हते बरं का. कुणाची बटणं तुटली तर लावायला सुईदोरा घेऊन बसले होते. अप्पा आणि ते लहानपणचे दोस्त. त्यांना वाटलं, ह्याला चक्कर आली. गळ्यात मापाची टेप तशीच, स्टीलच्या गिलासात पाणी घेऊन ते सरळ स्टेजवर आले आणि म्हणाले, "शेठ, आधी पाणी प्या, मंग भांडा."

मंडप कोसळायचा बाकी राहिला! लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. अप्पा पाणी प्यायले, त्यांना वाक्य आठवलं, "पाणी पाजून माझं तोंड बंद करतूस काय?" असं स्वतःचं एक जोडलं आणि भांडण पुढं सुरू. दुसऱ्या वर्षी लोक विचारायला लागले, तो टेपवाला शेजारी कुठं गेला? मग काय, चाचांना घ्यावंच लागलं. तेव्हापासून दरवर्षी कथा कुठंही जावो, एकदा शेठ भांडता भांडता गप्प होतो. मंडपात सगळे ओळखतात. चाचा येतात आणि अख्खी गल्ली त्यांच्यासोबत ते वाक्य म्हणते, आरती म्हणावी तसं. एका चुकीची आम्ही अशी पूजा बांधली. मला कधी कधी कंटाळाही यायचा. एका साली मी म्हटलं होतं, यंदा गाळू का? अप्पा म्हणाले, "शेंडी गाळ, विभूती गाळ, त्ये गाळू नको."

गेल्या संक्रांतीनंतर चाचांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. पाय थोडा थोडा परतला, पण बोलणं गेलं. समजत सगळं होतं, शब्द मात्र येत नव्हते. डॉक्टरांनी सांगितलं, यांना माणसांत न्या, बोलतं करा. हे ऐकायला सोपं. चाचा माणसांत यायलाच तयार नव्हते. तोंड एका बाजूला ओढलेलं, ते कुणाला दिसू नये म्हणून कुणी आलं की भिंतीकडं वळून निजायचे. मी भेटायला गेले तेव्हा मला त्यांची नुसती पाठ दिसली. माझ्या परकरांपासून लग्नातल्या ब्लाउजपर्यंत सगळं ज्या माणसानं शिवलं, त्याची पाठ बघून परत येताना काय वाटलं ते सांगता येत नाही. लई वाईट वाटलं, एवढंच म्हणते. एकटे अप्पा तेवढे आत जायचे. रोज दुकान बंद करून जाऊन बसायचे, पेपर वाचून दाखवायचे आणि दोघांच्या वाटचं भांडण एकटेच करून यायचे.

गणपती जवळ आले. मंडळाची पोरं गुणी आहेत, त्यांनीच मार्ग काढला. मोठा पडदा लावू, शेठ गप्प झाला की मागच्या वर्षाचं चाचांचं शूटिंग दाखवू, लोक वाक्य म्हणतील, टाळ्या वाजतील. मलाही बरं वाटलं ते. अप्पांना सांगितलं तर ते उखडलेच. "फोटोला हार कवा घालतेत? माणूस गेल्यावर. त्यो हाय अजून!"

"मग करायचं काय अप्पा?"

"काय म्हंजे? मी गप्प व्हतो. त्यो येईल."

"आणि नाही आले तर?"

"तर हुबा राहतो."

मी चिडले. माझा स्वभाव त्यांच्यावरच गेलाय. मी म्हटलं, ही जबरदस्ती आहे. आजारी माणसाला गल्लीपुढं असं अडवायचं? ते आले नाहीत तर तुम्ही सगळ्यांसमोर उभे राहाल, ते घरात बसून ते ऐकतील, आणि मग त्या लाजेनं जन्मात बाहेर पडायचे नाहीत. मी पुष्कळ बोलले. अप्पा तांदूळ पाखडल्यासारखं माझं बोलणं ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तवा त्यानं मला इचारलं व्हतं का? आला न्हवं पाणी घिऊन."

मी चाचीकडं गेले. चाची म्हणजे चाचांची बायको, बोलायला फटकळ, रडणं तिच्या गावी नाही. विचारलं, त्यांना माहीत आहे का? म्हणाली, "तेरे बाप ने कल बताया. त्यांनी तोंड फिरवलं." म्हणजे नकार. तालमीत त्या जागेवर अप्पा थांबायचे, बाकीचे खाली बघायचे, मग मिशीवाला पोरगा खाकरायचा आणि आम्ही पुढं जायचो. माझ्या वहीत त्या ठिकाणी नुसती रिकामी ओळ होती.

प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळची आरती झाली आणि पडदा उघडला. यंदाची कथा वाटणीची. धाकटा म्हणतो, मला वेगळं व्हायचंय. अप्पा असे पेटले की मी वहीत बघायचंच विसरले. हात वर गेला. डोळे लाल. आणि ते गप्प झाले.

मंडप श्वास धरून. आता. सगळ्यांच्या नजरा विंगेकडं, आणि विंगेत मी एकटी. कुणाचं तरी लेकरू ओरडलं, "पाणी!" त्याच्या आईनं तोंडावर हात ठेवला. अप्पांचा हात वरच. पंख्यांचा आवाज येत होता, बाजूच्या फलकाचं कापड फडफडत होतं. चाचांचं घर तिथून चार दारं पलीकडं. आमच्या कर्ण्याचा आवाज त्यांच्या अंथरुणापर्यंत जातो, तेव्हा कर्णा थांबला तेही त्यांना कळलं असणार. अप्पांचा वर धरलेला हात थरथरायला लागला. वयाची सत्तरी ओलांडलेला माणूस, किती धरणार? मिशीवाला पोरगा माझ्याकडं बघायला लागला, खाकरू का म्हणून. मी मान हलवली, नको. का हलवली, देव जाणे.

मग मंडपाच्या मागच्या बाजूला खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

विंगेच्या लाकडी पायऱ्या त्यांना चढता येणार नव्हत्या, म्हणून चाचा लोकांमधून आले. लोक उभे राहून वाट करून देत होते. एका बाजूनं चाचीनं धरलेलं, उजवा पाय फरफटत, डाव्या हातात गिलास. पाणी हिंदकळत होतं, निम्मं सदऱ्यावर सांडलेलं. गळ्यात टेप. ती त्यांनी स्वतःच घातली, असं चाचीनं नंतर सांगितलं, तिला हात लावू दिला नाही. स्टेजच्या कडेशी येऊन ते थांबले. स्टेज त्यांच्या छातीएवढं. आता? तेव्हा अप्पांनी हात खाली घेतला, पुढं आले आणि धोतर सावरून स्टेजच्या काठावर, पाय खाली सोडून बसले. दोघांची तोंडं समोरासमोर आली.

चाचांनी गिलास पुढं केला. अप्पांनी घेतला, पण प्यायले नाहीत. वाक्य झाल्याशिवाय पाणी प्यायचं नसतं, हे गल्लीतल्या रांगत्या पोरालाही माहीत आहे.

चाचांचं तोंड हलायला लागलं. ओढलेला ओठ उघडायचा आणि मिटायचा. घशातून आवाज यायचा, पण शब्द काही बनत नव्हता. आणि मी जे पाहिलं ते सांगते, खोटं असेल तर जीभ झडो. तिथं पाचशे-सहाशे माणसं असतील. त्यातल्या प्रत्येकाला ते वाक्य पाठ. दरवर्षी छप्पर उडेल इतक्या मोठ्यानं म्हणणारी माणसं. एकानंही म्हटलं नाही! पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडात धरून बसल्या होत्या. मंडळाची ती वाह्यात पोरं, एरवी शेठच्या प्रत्येक वाक्याला शिट्टी मारणारी, हाताची घडी घालून उभी. माझं तर कामच वाक्य पुरवायचं, वाक्य जिभेवर होतं. मी ओठ दाताखाली दाबून धरला. सगळ्यांनी मिळून ते वाक्य त्यांच्यासाठी राखून ठेवलं होतं. आपली माणसं अशी आहेत हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

आणि चाचा म्हणाले, "पी."

प्या नाही. शेठ नाही. लहानपणापासून म्हणत आले तसं, पी.

अप्पांनी गिलास तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग फुटक्या आवाजात म्हणाले, "पाणी पाजून माझं तोंड बंद करतूस काय?" तेव्हा कुठं मंडपाचा श्वास सुटला. अशा टाळ्या, असं हसू, गणपती विसर्जनालाही इतका गलका होत नाही. आणि चाचा हसले. सगळ्यांकडं तोंड करून, वाकड्या तोंडानं, आडवा हात न धरता. कुणीतरी पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी करून दिली, ते बसले, आणि राहिलेली वाटणी त्यांनी शेवटपर्यंत पाहिली.

प्रसाद वाटून झाल्यावर चाची माझ्याजवळ आली. मी अजून डोळे पुसत होते. तिचे कोरडे. तिनं माझ्या हातातल्या वहीकडं बोट केलं.

"बेटा, पुढच्या साली त्यांना दोन शब्द लिव्ह."