सातव्या प्रकरणातल्या अकरा ओळी

घरात कुणी दृष्ट काढायला मीठ-मोहरी घेतली, की मी हसत उठून जाते. अजूनही जाते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय… पण घडलं ते घडलं.

गोष्ट १९९९ची, लखनौची. मिस्टर हवाई दलात, आम्ही आलमबागला भाड्याच्या घरात. मी अमीनाबादच्या एका ऑफिसात कामाला होते. खाली कापडाचं दुकान, वर आमचे दोन कॉम्प्युटर आणि मालक बाजपेयीजी. त्यांनी तेव्हा एक नवंच खूळ डोक्यात घेतलं होतं, सीडीवरची पुस्तकं. पुस्तक वर्ड प्रोसेसरमध्ये टाइप करायचं, मग एकेक प्रकरणाची फाइल सीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करायची. इम्पोर्ट झालेला मजकूर आधी नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. मराठीचा फॉन्ट लावला की वाचता यायचा.

आमचं पहिलं मराठी पुस्तक रामटेके काकांच्या आठवणींचं. काका मूळचे नागपूरकडचे, रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आमच्याच गल्लीत एकटे राहायचे. शाळेची वही, मोत्यासारखं अक्षर, प्रत्येक पानाला नंबर. टाइप करताना मला दिसलं की बेचाळीसनंतर एकदम पंचेचाळीस—मधलं पान ब्लेडनं कापलेलं. विचारलं तर म्हणाले, "खराब झालं होतं, बेटा. तू पुढचं कर." मी पुढचं केलं.

सातवं प्रकरण इम्पोर्ट केलं तेव्हा मंगळवारची दुपार होती. शुक्रवारी मास्टर कॉपी सीडी छापायला दिल्लीला जायची होती. फॉन्ट लावला, आणि मधेच अकरा ओळी दिसल्या… ज्या मी टाइप केल्याच नव्हत्या.

"माझी थोरली बहीण वत्सला हिनं डोईवर विटा वाहिल्या, म्हणून मी मॅट्रिक झालो. ती आजारी असल्याची तार आली तेव्हा नोकरी पक्की व्हायला नऊ दिवस होते. तार खिशात घातली आणि ड्यूटीवर गेलो. कुणाला सांगितलं नाही. दहाव्या दिवशी निघालो…" असं पुढे.

आता, घाबरण्यासारखं काही नव्हतं. वर्ड प्रोसेसरमध्ये 'फास्ट सेव्ह' चालू असेल, तर खोडलेला मजकूर फाइलच्या पोटात राहतो आणि इम्पोर्ट करताना कधीकधी बाहेर येतो. एका लग्नपत्रिकेत आमची त्यापायी शोभा झाली होती. पण तो मजकूर निदान कुणीतरी आधी टाइप केलेला असतो! हा मी केला नव्हता, आणि ऑफिसात मराठी टाइप करणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी फास्ट सेव्ह बंद केलं. नव्या नावानं फाइल सेव्ह केली, पुन्हा इम्पोर्ट केली. अकरा ओळी जागच्या जागी. बाजपेयीजी म्हणाले, "अरे मैडम, फाइल में जो होगा वही तो आएगा!" फाइल उघडून दाखवली. तिच्यात नव्हतं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

मग मात्र मी इरेला पेटले. बुधवारी अख्खं प्रकरण दुसऱ्या कॉम्प्युटरवर, कोऱ्या फ्लॉपीवर, पहिल्या अक्षरापासून पुन्हा टाइप केलं. कापलेल्या पानावरचे पेनाचे ठसे पुढच्या पानावर उमटले असतील आणि मी ते नकळत वाचले असतील, असंही वाटलं. पान उजेडात तिरकं धरून पाहिलं. ठसा एकही नव्हता. इम्पोर्ट केलं… अकरा ओळी.

खरं तर त्या स्क्रीनवरून डिलीट केल्या असत्या तर काम संपलं असतं. बोट कीवर गेलंही होतं. पण मी त्या वाचल्या होत्या. वत्सलाबाईंना काढायचं की ठेवायचं, हे माझ्या बोटानं ठरवायचं नव्हतं. मी प्रिंट काढला आणि गुरुवारी सकाळी काकांच्या दारात उभी राहिले.

"जयभीम, ये बेटा," म्हणत त्यांनी कागद घेतला. वाचता वाचता खुर्चीवर बसले.

"कुठून आणलं हे? ते पान मी माझ्या हातानं शेगडीत जाळलंय!"

मी सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. मग खूप चिडले. "तुला कुणी सांगितलं होतं यात पडायला?"

मी हटले नाही. "काका, काढ म्हणालात तर आत्ता जाऊन काढते. पण तुम्ही सांगा. मी माझ्या मनानं नाही काढणार."

त्यांनी कागदावर 'वत्सला' या शब्दावर बोट ठेवलं. "मी नुसतं 'थोरली बहीण' लिहिलं होतं. नाव घालायला हात धजला नाही. आक्काचं नाव इथं कुणालाच माहीत नाही, बेटा. ना फोटो, ना कागद… मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं."

आणि माझ्याकडून पेन मागून घेऊन त्यांनी प्रिंटवर खाली लिहिलं, 'हे मी चाळीस वर्षं लपवलं.' म्हणाले, "घाल. हेही घाल."

त्या दुपारी मी अकरा ओळी आणि ती बारावी, माझ्या हातानं फाइलमध्ये टाइप केल्या. इम्पोर्टचं बटण दाबलं. आता मजकूर दोनदा येणार, याची मला खात्रीच होती. एकदाच आला.

पुढे मी बऱ्याच जाणत्या लोकांना विचारलं. इम्पोर्ट करणाऱ्या फिल्टरचा दोष, फ्लॉपीचा दोष, माझ्या डोक्याचा दोष, सगळं ऐकून झालं. पण काकांनी लिहिलंच नव्हतं त्या नावाचं काय, म्हटलं की विषय बदलतात. मीही तिथंच अडते.

शुक्रवारी मास्टर जाण्याआधी काका रिक्षानं अमीनाबादला आले. मी सातवं प्रकरण उघडून दिलं. बाजपेयीजींनी सहज विचारलं, "ये वत्सला कौन हैं, रामटेके साहब?"

काका खुर्चीतून उठून उभे राहिले.

"हमारी बड़ी बहन हैं," ते म्हणाले.