पहिली मोट आसरांची

मी तेव्हा आसरांवर रुसले होते, हे आधीच कबूल करते. आमच्या विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड होते, त्याच आसरा, पाण्याच्या सात देवी. माझे मालक रोज सकाळी मोटेचं पहिलं पाणी त्यांना वाहायचे, मगच हळदीकडे पाट सोडायचे. एवढं करूनही ऐन कार्तिकात त्यांना हिवतापाने धरलं आणि दहा दिवस झाले तरी ताप उतरेना. नवस बोलून झाले, काढे पाजून झाले. असल्या देवींना पाणी तरी कशाला द्यायचं, असं माझ्या मनाने घेतलं.

हळदीचे गड्डे भरायची तीच वेळ, आणि पानं पिवळी पडू लागलेली. आमच्या कुरुंदा गावात घरोघरी हिवताप, मोट हाकायला माणूस मिळेना. मालकांना धड बसवत नव्हतं, तरी म्हणाले, "उद्या पाणी न्हाई गेलं तर म्या उठतो." ते बोलतात तसं करतात, हे मला ठाऊक. त्या अंगाने त्यांनी मोट हाकली असती, तर परत अंथरूण गाठलंच नसतं. "तुमी निजा. मोट मी हाकते," मी म्हणाले. बाईने मोट हाकायची म्हणजे गावाला हसायला निमित्तच. हसोत बापडे.

सकाळी बैल जुंपले. जाऊबाई पाणी वळवायला वाफ्यात उभी राहिली. पहिली मोट झकास वर आली, विहिरीवरच्या दगडी थारोळ्यात पाणी पडलं. देवींच्या दगडांकडे मी बघितलंसुद्धा नाही. आता बैलांनी उलट्या पावली विहिरीकडे सरायचं, म्हणजे रिकामी मोट पुन्हा खाली जाते. पण ते जागचे हलेनात. चुचकारलं, कासरे ओढले, शिव्या दिल्या, शेवटी चाबूकही ओढला. बैल आपले कान पाडून उभे. ऊन चढलं. शेतातल्या आखाड्यावरच्या आमच्या खोपीकडे बघते तर मालक घोंगडी पांघरून, काठी टेकत दारात आलेले. त्यांच्याकडे पाठ करून मी पुन्हा कासरा धरला.

तेवढ्यात वाटेने बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक म्हातारी आली आणि पाणी मागू लागली. मी थारोळ्याकडे बोट दाखवलं. ओंजळ बुडवता बुडवता ती थांबली.

"पहिल्या मोटेचं हाय ना? देवाला दिलं का, बाई?"

मी नाही म्हणाले.

"मंग आधी देवाला दे. म्या थांबते."

तिचे ओठ कोरडे पडले होते, तरी ती थांबली. मला माझीच लाज वाटली. ओंजळभर पाणी मी दगडांवर वाहिलं, आणि मालक रोज म्हणत तेच शब्द तोंडून निघाले, "मायांनो, पाणी पुरवा." मनात एवढंच म्हणाले, आता माझ्याच्याने होत नाही, तुम्ही बघा. पाठीमागे चाक कुरकुरलं. बैल आपण होऊन मागे सरत होते.

म्हातारी पाणी पिऊन वाटेला लागली. मोट बुडाली तशी भार द्यायला मी दोरावर बसले आणि बैल हाकले. दुपारपर्यंत हात थांबवला नाही. हळद भिजली. आत जाऊन पाहिलं तर मालकांना गाढ झोप लागली होती. चाक वाजू लागल्यावर ते मुकाट्याने जाऊन पडले होते. चार दिवसांनी ताप उतरला.

ते शब्द ऐकल्याशिवाय मागे न सरायची बैलांना सवयच होती, असं मालक पुढे हसत म्हणाले. असेलही. ती म्हातारी नेमकी त्याच वेळी तहान लागून आमच्याच विहिरीवर का यावी, ते मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही. एकदा ती बाजारात भेटली. मी सगळं सांगितलं, पण तिला काहीच आठवेना. "तहान लागली आसंल, दुसरं काय," म्हणाली. भर बाजारात मी तिच्या पाया पडले. माझा हट्टी स्वभाव काही बदललेला नाही, कामाला मी अजून तशीच भिडते. पण आधी वाकते. ज्या देवींशी मी भांडले, त्यांनीच माझं कुंकू राखलं.