धुळाप्पा वायरमन आणि तांबडं बटण

सात रस्ता चौकातून आत वळणाऱ्या एका बोळात धुळाप्पाचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची खोली, पुढं लिंबाचं झाड आणि झाडाखाली एका गाडीपुरती जागा. छत्तीस वर्षं तो हेच काम करतोय, आणि एवढ्या वर्षांत माणसांबद्दल त्याचं काही चांगलं मत झालेलं नाही. गाडीवाल्याला गाडीतलं काही कळत नाही, आणि चकाचक गॅरेजवाल्याला त्याहून कमी कळतं. पोरं कॉम्प्युटर लावतात, पडद्यावर येईल तो पार्ट बदलतात, आणि तरी दिवा लागला नाही की गाडीलाच नावं ठेवतात. त्यातून इंडिकेटरचं काम आलं की धुळाप्पाला हसूच यायचं. ह्या गावात वळायच्या आधी कोण कुणाला सांगतं? पालथ्या घड्यावर पाणी.

त्याचे वडील मंद्रूपकडं मेंढरं राखायचे. कळपात एखादं मागं पडलं की नुसत्या चालीवरून त्याचं दुखणं ओळखायचे. धुळाप्पा त्यांच्याकडून तेवढंच शिकला होता. "मेंढरू बोलत न्हाय म्हणून त्याचा रोग कळतो," असं तो म्हणायचा. "बोलाय लागलं असतं तर खोटंच सांगितलं असतं की." म्हणून गिऱ्हाईक तोंड उघडायला लागलं, की हा पक्कड शोधायला खोलीत जायचा.

गेल्या मार्चमध्ये बार्शीचे उदयसिंह आपली वीस वर्षांची पांढरी गाडी घेऊन आले. कृषी खात्यातून रिटायर झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट. सोबत त्यांची बायको, वैजयंतीबाई. धुळाप्पानं स्टूल पुढं केलं, तर साहेबांनी त्यावर आधी पेपर अंथरला आणि मग टेकले. धुळाप्पानं ते बघितलं. पेपर त्याच्याच दुकानातला होता, आणि स्टुलाहून मळका होता.

दोन दिवसांवर गाडीचं पासिंग होतं आणि इंडिकेटर लागत नव्हते, ना डावे, ना उजवे. एका मोठ्या गॅरेजात दिवे लुकलुकवणारा फ्लॅशर दोनदा बदलला, चारही बल्ब नवे घातले. आता गॅरेजवाले सगळं वायरिंगच नवं टाका म्हणत होते. साहेबांनी हे असं सांगितलं, जसं काही ते स्वतःच निदान करत होते. शेवटी म्हणाले, "तिथं झालं नाही, तर इथं होईल असं मला वाटत नाही. पण यांचा हट्ट."

धुळाप्पानं गाडीचं दार उघडलं. आत वाकून त्यानं चारही दिवे एकदम लावणारं तांबडं बटण दाबलं. चारही दिवे झक्क लुकलुकले. म्हणजे फ्लॅशर ठीक, बल्ब ठीक, वायरी ठीक. जे गॅरेजवाल्यांनी दोनदा बदललं ते पहिल्यापासून चांगलंच होतं. त्याला त्या पोरांची कीव आली नाही, मजा वाटली. बिघाड स्टेअरिंगजवळच्या, इंडिकेटर लावायच्या दांडीत असणार, हे त्यानं तिथंच ठरवून टाकलं.

वैजयंतीबाई खिडकीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "मी काय म्हणते, ते बटण..."

"त्यांचं काम त्यांना करू दे," उदयसिंह म्हणाले.

"ताई, तुमी सावलीत बसा," धुळाप्पानंही म्हटलं.

सव्वा तास गेला. त्यानं स्टेअरिंगखालचं कव्हर काढलं, दांडी सोडवली, आतले पितळी पॉइंट घासून लख्ख केले, सगळं परत बसवलं. दांडी खाली केली. काही नाही. वर केली. काही नाही. स्टुलावरून एक बारीकसा हुंकार आला. धुळाप्पाच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता.

बाई उठल्या. कुणाला न विचारता त्यांनी खिडकीतून हात घातला, तांबडं बटण तीनदा खटाखट दाबून वर सोडलं, आणि दांडी खाली केली. उजवा इंडिकेटर लागला. चार-पाच वेळा लुकलुकला आणि विझला.

धुळाप्पा बघतच राहिला. इंडिकेटरचा करंट त्या बटणातूनच पुढं जातो, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? चारही दिवे लागले म्हणून बटण निर्दोष, असं त्यानं धरलं होतं. पण बटण वर असताना इंडिकेटरसाठी जो दुसरा पॉइंट जुळायचा, तो काळा पडला असेल तर?

"कवापासनं दाबताय असं?" त्यानं विचारलं.

"दिवाळीपासून. गॅरेजात सांगितलं, यांना सांगितलं, मघाशी तुम्हालाही सांगत होते."

बटण बाहेर काढून त्यानं पॉलिश पेपरनं पॉइंट घासला. दहा मिनिटांचं काम. दोन्हीकडचे इंडिकेटर ठणठणीत लागले. उदयसिंहांना तेव्हा एकाएकी सगळं आठवलं. आपल्यालाही बटणाचीच शंका होती, असं ते सांगू लागले. धुळाप्पानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"ताई," तो म्हणाला, "पासिंगला तुमीच जावा. सायेबांना घरी बसवा."

बाई हसल्या नाहीत. "आणि तुम्हाला कुठं बसवू?" म्हणाल्या, आणि गाडीत जाऊन बसल्या.

त्या दिवशी धुळाप्पाला भाकरी गोड लागली नाही. जगातल्या मूर्खांची त्याची यादी लांबलचक होती, पण तीत स्वतःचं नाव घालायची पाळी कधी आली नव्हती. बायकोनं, मायाक्कानं, काय झालं म्हणून विचारलं, तर काय न्हाय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक रिक्षावाला आला. हॉर्न वाजत नव्हता. धुळाप्पानं पक्कड बाजूला ठेवली, झाडाखाली त्याला समोर बसवलं आणि म्हणाला, "सांगा." रिक्षावाल्यानं पंचवीस मिनिटं सांगितलं. मेव्हण्यानं नजर लावली, पंपावरचं पेट्रोल खोटं, हॉर्न पावसाळ्यात जन्माला आला होता. धुळाप्पानं एकही शब्द मध्ये टाकला नाही. मग उठून बघितलं, तर हॉर्नची वायर उंदरानं कुरतडलेली.

वायर जोडून दिली. रिक्षा बोळाबाहेर गेली, तसा तो झाडाला टेकून बसला. शंभरांतलं एखादंच माणूस कामाचं बोलतं, आणि ते कुठलं हे चालीवरून कळत नाही. त्या एकासाठी आता बाकीच्या नव्याण्णवांची बडबड ऐकत बसायची, ह्या विचारानं त्याला नव्यानं सगळ्यांचा राग आला.