कापलेले श्वास

पडद्यावर आईचा आवाज निळ्या डोंगररांगेसारखा पसरला होता. घरी रेकॉर्ड केलेलं तिचं गाणं घेऊन मी सुधाताईंच्या स्टुडिओत संगणकावर संगीत करायला शिकत होतो. दोन ओळींच्या मधे बारीक टेकड्या दिसत होत्या. ते तिचे श्वास. दम्यामुळे त्यांत घरघर होती, म्हणून मी ते एकेक करून पुसून टाकले.

मग वाजवून पाहिलं. आई ओळीमागून ओळ गात होती, कुठेही न थांबता. माझ्याच छातीत काहीतरी अडकलं. असं कोण गातं? ज्याला हवा लागतच नाही, तो.

"सगळेच कापलेस?" सुधाताई म्हणाल्या. "नवीन माणूस हेच करतो. श्वासाचा आवाज कमी करायचा असतो रे, श्वास काढायचा नसतो. ऐकणाऱ्याचा जीव गुदमरतो."

मी सगळे श्वास परत आणले, घरघरीसकट. तरी भीती गेली नाही. पुसणं किती सोपं होतं.

घरी आलो तेव्हा आई दुपारची झोपली होती. चपला न काढताच मी दारात उभा राहिलो, आणि ती घरघर कानावर येईपर्यंत मीही श्वास घेतला नाही.