पाव वळशाची परवानगी

आधी घटनाक्रम, मग माणूस.

गेल्या वैशाखात, अमरावतीत, माझ्या मित्राच्या भाच्याची वरात निघाली असता, मित्राने स्वतःच्या घरी बनवलेली विजेवरची गिटार पोलिसांनी ध्वनिक्षेपकांसोबत जप्त केली. आषाढ-श्रावणात ती पोलीस ठाण्यातील मुद्देमालाच्या खोलीत, पाझरणाऱ्या भिंतीला टेकून उभी राहिली. दिवाळीनंतर ती सुपूर्तनाम्यावर परत मिळाली, तेव्हा तिची मान वाकलेली होती. मार्गशीर्षात, त्या मानेतील एक पेच पाव वळसा फिरवण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज मी न्यायालयात दाखल केला. फाल्गुनात, होळीच्या आधी, मित्र गेला. त्या दिवशीही अर्ज प्रलंबित होता.

जबाबदार व्यक्ती तीन आहेत. गोंगाट करणारे यंत्र आणि त्याला जोडलेले वाद्य यांत फरक न करणारा जप्ती अधिकारी. लाकडाला ओल लागते हे ठाऊक असायला हवे होते असा त्या खोलीचा रखवालदार. आणि एका पेचाविषयी ‘म्हणणे सादर करण्यास मुदत मिळावी’ असे प्रत्येक तारखेला लिहून देणारे सरकारी पक्षाचे विधिज्ञ. तिघांची नावे मला माहीत आहेत. ती मी येथे लिहीत नाही, कारण त्यांनी ती स्वतः सांगावीत अशी माझी अपेक्षा आहे.

आता माणूस.

अकोल्यात त्यांना सगळे ‘बत्तिशी डॉक्टर’ म्हणत. ते दंतवैद्य होते आणि माणसाच्या चेहऱ्याकडे कधी पाहत नसत. समोरच्याने तोंड उघडेपर्यंत थांबत. दात दिसले की मग त्यांना नाव आठवे. एकदा मूर्तिजापूरच्या फलाटावर आमचा एक जुना वर्गमित्र गळ्यात पडायला आला, तर त्याला हातभर अंतरावर थोपवून म्हणाले, ‘‘पयले हस. मंग सांगतो तू कोण हायेस ते.’’ तो हसला, आणि डॉक्टरांनी त्याचे नाव, गाव आणि वसतिगृहातील खोली सांगितली. पुढचा दात कोणत्या भांडणात तुटला होता, तेही सांगितले. ते भांडण माझ्याशी झाले होते.

आम्ही अमरावतीच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. ते दातांकडे गेले, मी कायद्याकडे. मी बोलू लागलो की थांबत नाही, अशी माझ्याविषयी सार्वत्रिक तक्रार आहे. त्यावर उपाय फक्त डॉक्टरांना सापडला होता. ते मला खुर्चीत बसवत, जबड्यात कापूस कोंबत, आणि मग राजकारणावरची आपली मते सविस्तर मांडत. ‘‘तुह्यं तोंड बंद कराचं एकच औषध हाये वकील, ते उघडं ठेवनं.’’ माझ्या दाढा शाबूत राहिल्या, परंतु त्या खुर्चीत मी एकही वाद जिंकलो नाही.

कंपवात त्यांना उजव्या हातापासून सुरू झाला. एका सकाळी भूल देण्याची सुई दोनदा चुकली, तेव्हा त्यांनी रुग्णाची क्षमा मागितली, त्याला शेजारच्या दंतवैद्याकडे स्वतः पोचवून दिले आणि परत येऊन दवाखान्याला कुलूप लावले. कोणी सुचवण्याआधी स्वतःचा व्यवसाय असा बंद करणारा माणूस मी न्यायालयात, रुग्णालयात किंवा सरकारात दुसरा पाहिलेला नाही. मला फोनवर एवढेच म्हणाले, ‘‘हात साक्ष फिरवून राहिला, लेका.’’

त्यानंतर त्यांना गिटार आठवली. वसतिगृहात ते एक उसनी, साधी गिटार वाजवत, आणि वाईट वाजवत. आता त्यांनी दुकानातल्या गिटारी हातात घेऊन पाहिल्या, परंतु त्यांच्या बोटांत तार दाबून धरण्याएवढे बळ उरले नव्हते. त्यांना हवी होती पातळ मानेची आणि अगदी खाली बसलेल्या तारांची गिटार, एवढी हलकी की बोट नुसते टेकवले तरी सूर निघावा. तशी कोणी विकत नव्हते. ‘‘बाजारात तयार कवळी कोनाच्या तोंडात बसते का? माप घेऊनच करा लागते,’’ असे म्हणून त्यांनी ती घरी जुळवायला घेतली.

मान मुंबईहून टपालाने आली. विजेचे सामान, म्हणजे तारांचा कंप टिपणारी चुंबके आणि आवाज कमीजास्त करणारी बटणे, वेगवेगळ्या गावांहून आले. धडासाठी त्यांनी दवाखान्यातला रुग्णांचा सागवानी बाक निवडला. बाळापूरचे रहीमभाई सुतार तो कापायला आले तेव्हा मी तेथे होतो. करवत लावण्यापूर्वी रहीमभाईंनी विचारले, ‘‘डॉक्टरसाब, सोच लो. बाक अच्छा है.’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘त्या बाकावर अर्ध्या जिल्ह्याचं भेव बसून गेलं, रहीमभाई. आता थोडं गाऊ द्या त्याले.’’

तारा जिथून मानेवर उतरतात तेथे हाडाची किंवा प्लास्टिकची एक खाचांची पट्टी असते. ती डॉक्टरांनी कवळीच्या गुलाबी मसाल्यातून स्वतः ओतली, त्यामुळे ती गिटार दुरून हिरडी दाखवून हसल्यासारखी दिसे. मानेवरच्या धातूच्या पट्ट्या त्यांनी दात घासून गुळगुळीत करण्याच्या यंत्रावर घासल्या. जेवणाच्या टेबलावर तारांचे तुकडे आणि डाग देण्याच्या धातूचे थेंब पसरलेले असत. वहिनी म्हणत, ‘‘भाऊजी, वरनात परवा स्क्रू निंघाला. यायले सांगा, मी कंप्लेंट करीन.’’ डॉक्टर शांतपणे म्हणत, ‘‘गिळला त नाई ना? मंग दे इकडे, तोच शोधून राहिलो मी.’’

मानेच्या पोटात एक पोलादी सळई असते आणि तिच्या टोकाला एक पेच. लाकूड वाकले की तो पेच किंचित फिरवायचा; मान सरळ होते आणि तारा खाली बसतात. त्यासाठीची एल आकाराची लहानशी चावी डॉक्टरांनी गिटारीशेजारी खिळ्याला टांगली होती. एक डोळा मिटून, मान नाकासमोर धरून ते तिच्याकडे पाहत आणि पेच केसभर फिरवत. एवढी काळजी त्यांनी माझ्या दाढांची कधी घेतली नव्हती, असे मी म्हणालो, तर म्हणाले, ‘‘हे तक्रार नाई करत.’’

ते पहिल्यांदा वाजवून दाखवू लागले तेव्हा हात थरथरत होता आणि प्रत्येक सूर लहरत बाहेर येत होता. तेच म्हणाले, ‘‘अबे, लोकं सूर असा हलवाले वरून दांडी बसवते. माह्या हातात देवानं फुकट बसवून देल्ली.’’ डॉक्टरी मताप्रमाणे त्या बोटांजवळ वर्ष-दीड वर्ष होते. नंतर ती मिटणार होती. हे त्यांना, वहिनींना आणि मला माहीत होते.

भाच्याच्या वरातीत त्यांनी वाजवायचे ठरवले. दिवेलागणीच्या आधी वरात निघाली, डॉक्टर फेटा बांधून ध्वनिक्षेपकांच्या गाडीवर खुर्ची टाकून बसले आणि गिटारीची वायर त्याच यंत्राला जोडली. वाटेत एका रुग्णालयासमोर गाडीवाल्याने आवाज कमी केला नाही. पोलीस आले. येथे एक गोष्ट स्पष्ट करतो: तो नियम योग्य आहे, आणि शांतता क्षेत्रातील गोंगाटाविरुद्ध मी स्वतः वर्षानुवर्षे पत्रे लिहिली आहेत. गाडीवाल्यावर गुन्हा नोंदवणे रास्तच होते. परंतु गाडीवर जे जे होते ते सर्व उचलले गेले. डॉक्टर सांगत राहिले, ‘‘साहेब, मी डीजेवाला नाई, मी नवरदेवाचा मामा हावो.’’ पंचनाम्यात गिटारीचे वर्णन आले, ‘तारा असलेले लाकडी उपकरण, एक नग’. रिकाम्या हाताने खाली उतरल्यावर ते माझ्या कानाशी म्हणाले, ‘‘तुहंच एखांदं पत्र लागलं वाट्टे, वकील.’’ तेव्हा आम्ही दोघेही हसलो. आठवडाभरात गिटार सुटेल, असे मला वाटत होते.

ठाण्यात आम्हाला मालकीचा पुरावा मागण्यात आला. बिल दाखवा. बिल नव्हते, असणार कसे? वस्तू विकत घेतलेलीच नव्हती. डॉक्टरांनी टेबलामागच्या अधिकाऱ्याच्या तोंडाकडे, सवयीप्रमाणे, काही वेळ पाहिले आणि विचारले, ‘‘साहेब, तुमच्या तोंडात जे दात हायेत, त्याचं बिल हाये का तुमच्यापाशी? नाई ना? मंग ते तुमचे कसे?’’ शिपाई हसला. अधिकारी हसले नाहीत. आम्हाला न्यायालयातून आदेश आणण्यास सांगण्यात आले.

माझी सनद अजून जिवंत आहे. मी अर्ज केला, साक्षीदार उभे केले. रहीमभाई बाळापूरहून स्वच्छ टोपी घालून आले आणि त्यांनी सांगितले, ‘‘साब, इसी बाकडे पे बैठ के मैंने अपनी दाढ निकलवाई थी. अपने डर को नहीं पहचानूंगा क्या?’’ तरीही सरकारी पक्षाला म्हणणे मांडण्यासाठी वेळ हवा होता. पावसाळा त्यात गेला. दर रविवारी मी अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला जाई आणि काय झाले ते सांगे. डॉक्टर दारातच विचारत, ‘‘काय मिळालं?’’ मी म्हणे, ‘‘तारीख.’’ तोवर त्यांना सदऱ्याची बटणे लावता येईनाशी झाली होती.

दिवाळीनंतर आदेश झाला. गिटार घेऊन मी अकोल्याला गेलो तेव्हा डॉक्टर नवा सदरा घालून बसले होते. बटणे वहिनींनी लावली होती. गिटारीच्या धडावर मुद्देमालाची चिठ्ठी डकवलेली होती आणि लाखेचा एक ओघळ चुंबकावर गोठला होता. डॉक्टरांनी एक डोळा मिटून मानेकडे पाहिले. मग कपाटातून तोंडात घालून पाहण्याचा तो लहान आरसा मागवला आणि तारांच्या खालून फिरवला. रुग्णाला वाईट बातमी देताना जो आवाज ते काढत, त्याच आवाजात म्हणाले, ‘‘वाकली. पन मूळ शाबूत हाये. पाव वळसा.’’ आणि खिळ्यावरच्या चावीकडे हात नेला.

मी आदेश वाचून दाखवला. सुपूर्तनाम्यावरची वस्तू घरी असली तरी ताबा न्यायालयाचा असतो. मागतील तेव्हा ती हजर करायची, आणि दरम्यान तिच्या स्थितीत कोणताही बदल करायचा नाही. जामीन म्हणून सही माझी होती. डॉक्टरांनी बोट तारेवर ठेवले, जीव एकवटून दाबले. तार एवढी वर आली होती की ती मानेला टेकली नाही. आवाज आला नाही. त्यांनी हात मागे घेतला आणि विचारले, ‘‘पेच फिरवाचा बी अर्ज असते का बे?’’ नसतो. मी तो मसुदा नव्याने तयार केला.

तो अर्ज माझ्या हयातीतील सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेला अर्ज होता. पेच कोठे आहे, तो कशासाठी असतो, फिरवल्याने वाद्याची ओळख बदलत नाही, अर्जदाराचा आजार वाढता असल्याने विलंबाने अर्जच निरर्थक ठरेल, हे सर्व मी लिहिले. प्रत्येक तारखेला सरकारी पक्षाने मुदत मागितली आणि ती मिळाली. रविवारी डॉक्टर गिटार मांडीवर घेऊन बसलेले दिसत. पुढे पुढे ती मांडीवर वहिनी ठेवून देत. एकदा म्हणाले, ‘‘तारखा येऊन राहिल्या, तारा काई खाली येऊन नाई राहिल्या.’’ त्यानंतर त्यांनी अर्जाविषयी विचारणे सोडले. माझ्या दातांविषयी विचारत.

एका दुपारी जेवून ते आडवे झाले आणि उठले नाहीत.

तेराव्यानंतर वहिनींनी मला आत बोलावले. गिटार भिंतीला होती, चिठ्ठी आणि लाख तशीच. चावी खिळ्याला होती. वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, मी एक दिवस म्हनलं त्यायले, मी फिरवतो पाव वळसा, कोन पाह्यते? दार लावलं, चावी काढली. त्यायनं माहा हात धरला. त्या हातात जोर कुठून आला काय मालूम. ‘नको,’ म्हने. ‘वकिलाची सही हाये त्याच्यावर.’’’

त्या घरात कोणी पाहत नव्हते. चावी हाताच्या अंतरावर होती. ज्याच्या बोटांचे दिवस संपत आले होते त्या माणसाने, मित्राची सही खोटी पडू नये म्हणून, कायदा पाळला. जप्ती करणाऱ्याने, ओलीत ठेवणाऱ्याने आणि मुदत मागणाऱ्याने तो किती पाळला, हे मी विचारतो आहे.

गेल्या आठवड्यात आदेशाची प्रत मिळाली. ‘अर्जदार मयत. अर्ज निकाली.’ त्याच टपालात मयताच्या नावे नोटीस होती: मुद्देमाल आहे त्या स्थितीत पुढील तारखेस हजर करावा. तो मी हजर करीन. गिटार मी स्वतः अकोल्याहून आणीन, त्याच चिठ्ठीसह, त्याच लाखेसह, मान वाकलेली. सोबत खिळ्यावरची चावीही आणीन आणि टेबलावर ठेवीन.

आणि त्या दिवशी, त्या तिघांपैकी ज्याला उत्तर ठाऊक असेल त्याने उभे राहून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे: तो पेच पाव वळसा फिरला असता, तर कोणता पुरावा नष्ट झाला असता? बंद पाकिटातील उत्तर मी घेणार नाही. त्यासाठी मुदतही मिळणार नाही.