मार्कांसाठी

नाच मला कुणी सोडायला लावला नाही. हे आधीच सांगते, कारण ऐकणारे लगेच बापाला दोषी धरतात. जळकोटचा किराणा दुकानदार, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, असा बाप म्हटला की पुढचं सगळं लोकांना आपोआप कळतं. तसं काही घडलं नाही. माझा नाच मी माझ्या तोंडानं घालवला.

आमच्या भागात पोरगं जरा हुशार निघालं की आठवीतच त्याला लातूरला टाकतात. मलाही टाकलं. आत्याच्या घरी राहायचं, शाळा करायची, ट्यूशन करायची आणि डॉक्टर व्हायचं, एवढा सरळ बेत होता. लातूर म्हणजे मला केवढं शहर वाटलं होतं! पुण्याचे लोक हसतील, पण जळकोटहून आलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला एका चौकात चारी बाजूंनी गाड्या येतात हेच पुष्कळ होतं. पहिले पंधरा दिवस मी आत्याचा पदर धरून रस्ता ओलांडला.

आत्याच्या गल्लीच्या टोकाला एक मॅडम कथक शिकवायच्या. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, आवाज खणखणीत. शाळेतून येताना मी त्यांच्या खिडकीशी थांबायला लागले. आठवडाभरानं त्यांनी आतूनच विचारलं, "रोज बाहेरून बघून काय मिळतं? आत ये की." मी गेले. त्यांनी मला तत्कार शिकवला, म्हणजे कथकमधलं पायांचं पहिलं काम. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. मी घरी येऊन न्हाणीत, ओट्यापाशी, गच्चीवर तेच करत राहिले. आत्या ओरडली, "काय पाय आपटायलीस गं? खालचे भाडेकरू बोंबलतील!"

शिकायचं तर अप्पांना विचारणं आलं. आमच्याकडे वडिलांना अप्पा म्हणतात आणि आईला अव्वा. अप्पा नाही म्हणणार आणि अव्वा रडणार, याची मला पक्की खात्री होती. मग मी डोकं चालवलं. शास्त्रीय नृत्याच्या ठरावीक परीक्षा पास झालं की दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात, हे मला क्लासमधल्या एका मुलीनं सांगितलं होतं. मी अप्पांना फोन लावला. "नाचायचं म्हणून न्हाई अप्पा, मार्कासाठी." अप्पा म्हणाले, "मार्कं भेटत असतील तर कर माय. अभ्यास तेवढा बुडू देऊ नको." फोन ठेवला आणि मी आत्याच्या पलंगावर उड्या मारल्या. बापाला काय सहज गुंडाळलं, असं वाटलं मला.

तेव्हापासून ते वाक्य माझ्या जिभेवरच बसलं. उदगीरला एका लग्नात काकूनं चारचौघांत विचारलं, "काय गं, आता आपल्या पोरी पायात चाळ बांधणार का?" मी पटकन म्हणाले, "काकू, मार्कासाठी हाय ते." काकू पंगतीकडे वळली. शाळेतल्या बाई, ट्यूशनचे सर, आत्याच्या शेजारणी, सगळ्यांना तेच उत्तर. मार्क हा शब्द आमच्याकडे अंगाऱ्यासारखा चालतो, कशालाही लावा. इतकी वर्षं गेली, पण एकदाही कुणाला "मला नाच आवडतो" असं म्हटल्याचं आठवत नाही. मॅडमनासुद्धा नाही. त्यांना ते सांगायची गरज नव्हती, असं मी धरून चालले होते.

मॅडमचा क्लास म्हणजे त्यांची पुढची खोली. लातूरला नळ आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी यायचा, त्यामुळे त्या खोलीत भिंतींना लागून पाण्याचे निळे बॅरल उभे असत. उरलेल्या जागेत आम्ही सात मुली. चक्कर घेताना हात बॅरलला लागला की मॅडम म्हणायच्या, "पाणी सांडलं तर तुझ्या घरून आणेन." आम्ही सगळ्या कोपर आत घेऊन नाचायला शिकलो. क्लास चालू असताना गल्लीतून "नळ आला!" अशी हाक आली की लेहरा, म्हणजे तालाच्या साथीची धून, तसाच फोनवर वाजत राहायचा आणि आम्ही घुंगरू बांधलेल्या पायांनी बादल्या भरायला धावायचो. मी तिथे जेवढी सुखी होते, तेवढी पुढे कधी झाले नाही.

दहावीच्या वर्षातली नाचाची परीक्षा नांदेडला होती. अप्पा जळकोटहून परस्पर एसटीनं आले. आत पालकांना सोडत नव्हते, म्हणून ते दाराबाहेर पायरीवर बसले. मी आत गेले आणि बघते तर हा मोठा हॉल, पूर्ण रिकामा. मी एका कोपऱ्यात उभी राहिले आणि नेहमीसारखी सुरू झाले. परीक्षक बाईंनी दोन मिनिटांतच हात वर करून थांबवलं. "बाळ, एवढी जागा आहे. तू कशाला घाबरून कोपऱ्यात नाचतेस?" मी घाबरले नव्हते. मला त्याहून जास्त जागा लागते हेच माहीत नव्हतं! बाई म्हणाल्या, "पुढे ये. हात पूर्ण उघड." मी मध्ये आले, हात उघडले आणि चक्कर घेतले. हाताला काही लागलं नाही. अंगातून काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि मला रडू फुटलं, पण मी थांबले नाही, समेवर नीट आले. आपण आयुष्यभर हेच करायचं, हे मला त्या दुपारी कळलं. कुणी शिकवलं नव्हतं, सांगितलं नव्हतं, नुसतं कळलं.

बाहेर आले तर अप्पांनी माझा चेहरा बघितला. डोळे लाल, नाक वाहतंय. "लई त्रास झाला का माय?" मी नुसती मान हलवली. अप्पा म्हणाले, "झालं आता. सुटलीस." आणि मला रसवंतीवर घेऊन गेले.

दहावीचा निकाल भरघोस लागला. त्यात नाचाचे वाढीव गुण होते आणि तेवढ्यावरच मला लातूरच्या त्या कॉलेजात सायन्सला जागा मिळत होती, जिथं जागा मिळावी म्हणून लोक देव पाण्यात ठेवतात. जळकोटला घर भरलं. पेढे, हार, काका, काकू, दुकानातली गिऱ्हाईकं. त्या गर्दीत अप्पा मला म्हणाले, "मागल्या आठवड्यात तुझ्या मॅडमचा फोन आलता. म्हणत्यात, पोरीला पुण्याला ठेवा, आर्ट्सला टाका, नाच पुढं शिकू द्या. तुझं काय म्हणणं हाय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. काकू पेढा तोंडाशी धरून थांबली होती. आणि मी हसले. खरंच हसले. म्हणाले, "नाच कसला अप्पा, ते मार्कासाठी होतं."

ते वाक्य आपसूक आलं. तीन वर्षं प्रत्येकाच्या पुढे केलेलं होतं, तेच पुन्हा पुढे झालं. वर मला शहाणी दिसायचं होतं, हेही कबूल करते. एवढे मार्क पडलेली मुलगी नाचायला जाते म्हटल्यावर काकूचा चेहरा कसा होईल, ते मला त्या क्षणी बघायचं नव्हतं. अप्पांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी आम्ही सायन्सचा फॉर्म भरला. मॅडमना मी फोनसुद्धा केला नाही. नंतर सांगू, असं मला वाटलं, आणि मग ते नंतर आलंच नाही.

पुढची दोन वर्षं मला सलग आठवत नाहीत. उजाडायच्या आत पहिला क्लास, मग कॉलेज, मग परत क्लास, रविवारी टेस्ट. प्रत्येक टेस्टनंतर भिंतीवर नंबर लागायचे आणि मी दर वेळी आणखी खाली गेलेली असायचे. बेंचखाली पाय हलायचे, तेव्हा शेजारची मुलगी वैतागायची. मग हलायचेही बंद झाले. बारावीनंतर मेडिकलला लागले नाही. आत्या म्हणाली, "रिपीट कर, सगळेच करतात." रिपीट केलं. पुन्हा नाही. त्या निकालाच्या दिवशी मला रडू आलं नाही. आपण आतून संपलोय आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही, एवढंच वाटत राहिलं.

चार-पाच दिवसांनी मी मॅडमकडे गेले. तीन वर्षांनी. त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही, याचा मला जास्त त्रास झाला. "बांध," म्हणाल्या. मी घुंगरू बांधले. तत्कार जमला. दुप्पट लयही जमली. चौपटीला पाय एकमेकांत अडकले, दम लागला, आणि चक्कर घेताना मी एका बॅरलवर धडकले. मॅडमनी लेहरा बंद केला. खूप वेळ त्या माझ्या पायांकडे बघत होत्या. मग अगदी मायेनं म्हणाल्या, "मन लावलंस तर लहान मुलींना शिकवायला चालशील तू."

त्यांना मला धीर द्यायचा होता. मी पाया पडले आणि निघाले.

मग बीएस्सी केलं, लॅबचा कोर्स केला. आता नांदेडला एका पॅथॉलॉजीत काम करते. सुया टोचते, नळ्यांवर चिठ्ठ्या लावते. लग्न झालं, नवरा भला माणूस आहे. मी कधी नाचत होते हे त्याला माहीत नव्हतं, मी सांगितलं नव्हतं.

परवा अप्पा आले होते. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय त्यांचं, मी गोळ्या वेळेवर देते म्हणून फार खूश होते. जेवण झाल्यावर नवऱ्याशी गप्पा मारत बसले. मी आत भांडी आवरत होते आणि मला ऐकू येत होतं.

"जावईबापू, हिनं नाचाच्या परीक्षा दिल्यात, सांगितलं का कधी? न्हाई सांगणार. अहो, मी तर हिला पुण्याला टाकायला तयार झालतो. मॅडम लई मागं लागल्या. आठ दिस विचार केला, हिच्या अव्वालाबी समजावलं. म्हणलं, लोक काय बोलायचं ते बोलू द्या, पोरीला आवडत असंल तर जाऊ दे. पण हिचं मनच नव्हतं त्यात. मन नसताना तीन वर्षं पाय आपटले पोरीनं, निसतं मार्कासाठी. नांदेडला तर रडत बाहेर आली, पण सोडलं न्हाई. लई जिद्दीची हाय माझी माय."

मग त्यांनी आत हाक मारली, "व्हय का न्हाई गं?"

मी दारात आले. ऑपरेशननंतरचा तो काळा चष्मा लावून ते माझ्या दिशेनं बघत होते, तोंडभर हसत. त्यांना माझा एवढा अभिमान वाटत होता.

मी म्हणाले, "व्हय अप्पा."