गोचीड, मटण आणि आमची म्हैस

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, तेही भातलावणीचे दिवस सोडून. पण काय खाल्ल्यावर काय होतं हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी अगदी परवापर्यंत धरून चाललो होतो.

रविवारी दुपारी आमच्याकडे मटण. संध्याकाळी हलकं म्हणून बोंबील. त्या रविवारी बोंबील खाल्ले आणि थोड्या वेळात अंगावर गांधी उठल्या. तळहात खाजायला लागले, कान तापले. पोटात शेवटचं गेलं ते बोंबील, म्हणजे दोष बोंबलाचा. सकाळी पाचूबंदरची कोळीण दारात आली, तिला मी समोरच्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं विचारलं, "बोंबलाला काय औषध मारतेस गं?"

ती पाटी खाली न ठेवताच म्हणाली, "तुमचं वय झालं भाऊ, त्याला मी काय मारू? सगली गल्ली खाते, कोन मेलं?" आणि पुढच्या दारी गेली.

मी मासे बंद केले. पुढच्या रविवारी नुसतं मटण खाल्लं, दोनदा वाढून घेतलं. दिवेलागणीला ओठ सुजले, श्वास घशात अडकला. सुनेने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिलं तेव्हा श्वास मोकळा झाला.

डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या. म्हणाल्या, "आजोबा, दुपारी काय खाल्लं होतं?"

"दुपारचं दुपारी जिरलं. आता फक्त चहा घेतलाय."

"तरी सांगा."

सांगितलं. त्यावर त्यांनी विचारलं, "गोचीड चावते का कधी?"

"नाही," मी म्हटलं.

याला कारण होतं. आमच्या घरामागे गोठा आहे आणि त्यात एकच म्हैस. मुलगा सातिवलीला कामाला जातो, त्याला त्या जागेवर गाडी लावायची आहे. चिंचोटीकडचा एक व्यापारी म्हशीला बघूनही गेला होता. गोचिडीचं नाव निघालं की म्हैस गेली, एवढं मला न शिकता कळतं.

सून म्हणाली, "डॉक्टर, त्यांचे पाय बघा जरा."

बाईंनी लेंगा वर केला. पाय चाव्यांनी भरलेले. म्हशीच्या गोचिडी मी बोटांनीच उपटतो, आणि माझ्याही.

रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर बाईंनी समजावलं. गोचीड चावून चावून काही माणसांच्या रक्ताला चार पायांच्या जनावराचं मांस बाधायला लागतं. खाल्ल्याबरोबर काही होत नाही, काही तासांनी उठतं, म्हणून माणूस भलत्यालाच धरतो. बकरा, मेंढी, डुक्कर, सगळं बंद, त्यांचा रस्सा आणि चरबीसुद्धा. कोंबडी आणि मासे चालतील. दूध आजवर बाधलं नसेल तर घ्या, पण लक्ष ठेवा. गोळ्या जवळ असू द्या, पण श्वास लागला तर गोळीवर बसू नका, लगेच इकडे या.

"आणि नवीन गोचीड चावता कामा नये. चावत राहिली तर हे वाढेल. नाही चावली तर कमीही होऊ शकतं."

घरी मुलगा म्हणाला, "आता तरी म्हैस काढू या ना, बाबा?"

"डॉक्टरने गोचीड काढायला सांगितलीय," मी म्हटलं.

मटण सोडलं. वाईट वाटलं, पण कुणाला सांगितलं नाही. सून आता औषधाच्या दुकानात कॅप्सूलचं कवच जनावराच्या हाडा-कातड्याचं तर नाही ना, हेसुद्धा विचारते. गोठ्यात, म्हशीच्या अंगावर, भिंतीच्या फटीत गुरांच्या डॉक्टरने दिलेलं औषध मारलं. मुलाची जुनी पँट, त्यावर ओढलेले मोजे, गमबूट, हातात रबरी मोजे, औषधाच्या वासामुळे तोंडाला फडकं. असा मी धारेला बसलो. म्हशीने वळून बघितलं आणि दूध चोरलं. रोज तेच. चहापुरतंही निघेना. भाकड म्हशीला कोण ठेवतो? मुलाने व्यापाऱ्याला रविवारी बोलावलं.

शनिवारी तिने बादली लाथाडली. मी फडकं खाली ओढलं आणि ती पारडी होती तेव्हापासून देतो ती शिवी तिला दिली. तिचे कान हलले. पान्हा सुटला. बूट, मोजे, पँट, सगळं तिला चालत होतं, फक्त माणूस गप्प बसलेला चालत नव्हता.

त्याच दिवशी कोळणीला हाक मारली.

"आज औषध नाही वाटतं बोंबलाला?" ती म्हणाली.

मी घासाघीस न करता घेतले.

रविवारी व्यापारी आला. मी बूट घालूनच उभा होतो. त्याने कास बघितली, भाव सांगितला. मुलाने बायकोकडे बघितलं.

सून म्हणाली, "नको. म्हैस गेली तर बाबा या बुटांसकट दिवसभर घरात बसतील."

व्यापाऱ्याने मला खालून वरपर्यंत बघितलं. मग चहा प्यायला. दूध चांगलं आहे म्हणाला आणि गेला.